मॉडेल गाडीचं चौथं चाक टेबलाला का टेकत नाही?

मॉडेल गाडी जोडून होते, रंग वाळतो, टायर बसतात आणि टेबलावर ठेवल्यावर लक्षात येतं, एक चाक अधांतरी आहे. त्याच्याखालून कागदाचा कपटा आरपार जातो. कोणतेही तीन बिंदू एका पातळीत येतातच, त्यामुळे तीन चाकं नेहमीच टेकतात आणि सगळा दोष बिचाऱ्या चौथ्याच्या माथी येतो. बहुतेक वेळा त्या चाकाचा काहीच गुन्हा नसतो. चॅसिसला पीळ पडलेला असतो, आणि तो बहुधा किट तुमच्या हातात येण्याच्या कितीतरी आधी, कारखान्यात भाग साच्यातून बाहेर पडतानाच बसलेला असतो.

आपल्याकडे मिळणारी १/२४ आणि १/२५ प्रमाणातली बहुतेक किट जपान, अमेरिका, युरोप किंवा चीनमधून येतात. एक बॉनेट वाकडं निघालं म्हणून तेवढंच परदेशातून मागवणं खिशाला परवडत नाही आणि वाट पाहण्यात महिने जातात. त्यामुळे वाकडा भाग घरच्या घरी सरळ करता येणं, हे रंगकामाइतकंच उपयोगी कसब आहे. ते अवघडही नाही. पण गरम करायचं आणि सरळ दाबायचं, एवढंच डोक्यात ठेवून सुरुवात केली तर भाग आणखी बिघडतो. तो का बिघडतो हे कळण्यासाठी आधी तो वाकतो कसा ते पाहायला हवं.

किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. आपल्या चांगल्या ओळखीचं. गणपतीच्या मखरासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं आणि २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत सापडलेलं थर्माकोल म्हणजे हेच, फक्त फुगवलेलं. रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ पॉलिस्टायरीनचे दाणे बनवणारा मोठा कारखाना आहे. थर्माकोलवर ॲसिटोन सांडलं तर ते पाहता पाहता विरघळतं. मॉडेलचा गोंद चालतो तो याच गुणामुळे. त्यातलं द्रावक दोन्ही कडा थोड्या विरघळवतं, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून गेलं की जोड पक्का होतो. गाडीच्या बॉडीसाठी वापरतात त्या पॉलिस्टायरीनमध्ये थोडं रबर मिसळलेलं असतं, म्हणून ते वाकवलं तरी लगेच तुटत नाही. काचांसाठीचं पारदर्शक पॉलिस्टायरीन रबराविना असतं आणि कडकन तुटतं.

किटच्या कारखान्यात हे दाणे साधारण दोनशे ते अडीचशे अंश सेल्सिअसला वितळवून प्रचंड दाबानं पोलादी साच्यात घुसवतात. साचा मात्र तुलनेनं थंड, तीस ते साठ अंशांच्या आसपास ठेवलेला असतो. प्लॅस्टिक भिंतीला लागताच गोठायला लागतं, काही सेकंदांत भाग घट्ट होतो, साचा उघडतो आणि आतल्या पिना भागाला ढकलून बाहेर काढतात. किटच्या भागांच्या आतल्या बाजूला दिसणारे गोल वळ त्याच पिनांचे. भोसरी किंवा वसईच्या मोल्डिंगच्या गाळ्यात उभं राहिलात तर ही सगळी क्रिया डोळ्यांसमोर अर्ध्या-एक मिनिटात उरकलेली दिसते, मग साच्यातून बादली निघत असो की बाटलीचं झाकण.

थंड होताना पॉलिस्टायरीन आकसतं. हे आकसणं साधारण ०.४ ते ०.७ टक्के असतं आणि साचा बनवणारे ते हिशेबात धरूनच साचा किंचित मोठा करतात. सगळीकडे सारखं आकसलं तर काहीच बिघडत नाही. अडचण होते ती एक बाजू दुसरीपेक्षा उशिरा थंड झाली तर. उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकते, आकसते आणि कडा वर उचलल्या जातात. इथेही कारण असमान आकसणंच, फक्त बाजू उलटी. साच्याचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा थोडा गरम राहिला, किंवा चॅसिसच्या एका बाजूला जाड पट्ट्या आणि दुसरी बाजू सपाट असली, की उशिरा थंड होणारी बाजू शेवटी जास्त आकसते आणि भागाला स्वतःकडे खेचते.

यासाठी फरक किती लागतो? १८० मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड अशी चॅसिसची साधी पट्टी घ्या. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त ०.०९ मिलिमीटरनं लहान झाली, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, तर पट्टीच्या मध्यावर जवळपास १.३५ मिलिमीटर बाक येतो. १/२४ प्रमाणात हा बाक खऱ्या गाडीत ३२ मिलिमीटरचा, सव्वा इंचाहून थोडा जास्त. चौथं चाक हवेत राहायला एवढं पुरेसं आहे. त्यामुळे नामांकित कंपनीच्या किटमध्येही अधूनमधून वाकडा भाग निघतो, याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नये.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, आणि दुरुस्तीच्या दृष्टीनं तेच जास्त महत्त्वाचं. पॉलिस्टायरीनचे रेणू लांबलचक साखळ्यांचे असतात. दाबानं साच्यात घुसताना या साखळ्या प्रवाहाच्या दिशेनं ताणल्या जातात. त्यांना सैल व्हायला वेळ मिळत नाही, त्या ताणलेल्या अवस्थेतच गोठतात. म्हणजे सरळ दिसणाऱ्या भागातही ताण कोंडलेला असतो. अशा भागाला मोकळा ठेवून भरपूर ऊब दिली, की साखळ्या आखडायला लागतात आणि भाग आपल्या मनाला येईल तसा वळतो. उकळत्या पाण्यात बॉनेट सोडून दिलं आणि ते आणखी वेडंवाकडं होऊन निघालं, अशी तक्रार करणाऱ्यानं नेमकं हेच केलेलं असतं. उष्णता भागाला सरळ करत नाही, ती त्याला फक्त मोकळं करते. आकार द्यायचा असतो तो पकडीनं, आणि तो टिकतो पकडीतच थंड झाल्यावर. गरम करण्यापेक्षा थंड करण्यावर या कामाचं यश जास्त अवलंबून आहे, आणि नेमका तोच टप्पा लोक घाईनं उरकतात.

याची चाचणी फुकट करता येते. किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिचा एक तुकडा कापा. तो त्याच प्लॅस्टिकचा, त्याच वेळी ओतलेला असतो. मेणबत्तीच्या वर, ज्योतीपासून लांब धरून तो फिरवत राहिलं की मधला भाग चकाकून मऊ पडतो. मग ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं ओढली की बारीक तार निघते. गाड्यांच्या अँटेना जुने छांदिष्ट अशाच करतात. ती तार पुन्हा उबेजवळ नेली की आखडते. कोंडलेला ताण असा नजरेला पडतो. मात्र हा प्रयोग चौकटीच्या तुकड्यापुरताच ठेवा. गाडीचा भाग ज्योतीवर किंवा हीट गनसमोर धरू नये. ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या घरात जातं आणि हीट गनही सहज काही शे अंशांवर पोचते. आपल्याला हवं आहे शंभराच्या आतलं.

पॉलिस्टायरीन साधारण शंभर अंशांच्या आसपास काचेसारख्या कडक अवस्थेतून मऊ अवस्थेत जातं. किटच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेल्या घटकांमुळे हा आकडा थोडा खालीही असतो. सत्तर-ऐंशी अंशांना ते अजून घट्टच वाटतं, पण ताण हळूहळू सैल व्हायला लागतो, आणि नव्वदीच्या पुढे भाग हातात लोळायला लागतो. म्हणून पाणी हे या कामाचं सर्वांत भरवशाचं साधन. ते चारी बाजूंनी सारखी ऊब देतं आणि उकळीच्या वर जाऊच शकत नाही. ही उकळीही गावागणिक बदलते. मुंबईत पाणी शंभरला उकळतं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या पुण्यात सुमारे अठ्ठ्याण्णवला, महाबळेश्वरला पंच्याण्णव-शहाण्णवला. एखाद्या लेखात वाचलेली उकळत्या पाण्यात इतके सेकंद ही सूचना त्यामुळे जशीच्या तशी उचलू नये.

स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर असेल तर उत्तमच. नसेल तर हिशेबानं चालतं. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी साधं पाणी मिसळलं तर मिश्रण ऐंशीच्या आसपास येतं. दोनास एक घेतलं तर पंच्याहत्तरच्या जवळ. भांडं थंड असेल तर ते थोडी उष्णता पिऊन टाकतं, म्हणून आधी भांडं गरम पाण्यानं विसळून घ्यावं. पहिला प्रयत्न नेहमी कमी तापमानाला करावा. भाग बधला नाही तर पाच अंशांनी वाढवता येतं, जास्त तापून पिळवटलेला भाग मात्र मूळपदावर आणणं महाकठीण.

आता चॅसिस. आधी खरंच तीच वाकडी आहे का ते पाहावं. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा किंवा जाड काच सपाटीसाठी उत्तम. त्यावर चॅसिस ठेवून चारी कोपरे एकेक करून बोटानं दाबा. टकटक आवाज आला तर पीळ आहे. मध्ये उजेड दिसला तर बाक आहे. कडेला राहिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा किंवा चौकटीतून कापताना उरलेला टोकाचा कणसुद्धा भाग डुगडुगवू शकतो, म्हणून कडा आधी पॉलिश पेपरनं साफ कराव्यात. मी पाहिलेल्या वाकड्या चॅसिसपैकी बऱ्याच अशा साफसफाईनंच सरळ झाल्या. वाकडा असतो तो कधी कधी एक्सल असतो, किंवा चाकाचं भोक पूर्ण खोल गेलेलं नसतं.

चॅसिस खरंच वाकडी असेल तर तिच्या लांबीला दोन स्टीलच्या फूटपट्ट्या बाइंडर क्लिपांनी लावा. पट्टीचा दाब थेट नाजूक नक्षीवर येणार असेल तर मध्ये जाड पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकची चपटी पट्टी ठेवावी, पुठ्ठा पाण्यात विरतो. बाक असेल तर नुसतं सरळ धरून भागत नाही, सोडल्यावर भाग थोडा मागे जातो. म्हणून मधोमध एखाद्या मिलिमीटरची पट्टी सरकवून उलट दिशेला किंचित जास्त वाकवून बांधावं. पीळ असेल तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली तशाच पट्ट्या आणि बाकीचे दोन कोपरे खाली दाबलेले. किती जास्त वाकवायचं हे प्रत्येक प्लॅस्टिकगणिक बदलतं, पण मूळ दोषाच्या निम्म्यानं सुरुवात करावी असा माझा सल्ला.

ही सगळी जुळणी ऐंशीच्या आसपासच्या पाण्यात पूर्ण बुडवून पाच-सात मिनिटं ठेवा. मग बाहेर काढू नका. भांड्यावर झाकण ठेवून पाणी आपोआप कोमट होऊ द्या. एकदम नळाखाली धरलं तर वरची बाजू आधी थंड होते आणि ज्या असमान आकसण्यानं भाग मुळात वाकला तेच आपण पुन्हा घडवून आणतो. पाणी कोमट झाल्यावर जुळणी काढून पुसा आणि क्लिपा रात्रभर तशाच राहू द्या. सकाळी सपाटीवर तपासा. दोष निम्मा उरला असेल तर निराश न होता हेच पुन्हा करावं. एका फटक्यात शंभर टक्के सरळ करण्याच्या नादात तापमान वाढवणारे लोक शेवटी चॅसिस वितळवून बसतात.

बारीक भागांना हा थाट लागत नाही. वाकलेला एक्सल, बंपर, लांब एक्झॉस्ट पाइप गरम पाण्यात पंधरा-वीस सेकंद धरून बोटांनी किंवा चिमट्यानं सरळ करायचा आणि धरूनच थंड पाण्यात बुडवायचा. ते इतके बारीक असतात की आतबाहेर एकाच वेळी थंड होतात. हातात रबरी मोजे असावेत, ऐंशी अंशांच्या पाण्यानं त्वचा भाजते.

बॉडीचं गणित वेगळं. ती खालून उघडी, एकाच तुकड्यातली असते, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजू सहसा आत दबतात किंवा बाहेर फाकतात. समोरच्या काचेचे खांब बारीक असतात आणि खोक्यात वरच्या भागांच्या वजनानं वाकतात. दबलेल्या बाजूंसाठी आइस्क्रीमच्या काड्या चॅसिसच्या रुंदीपेक्षा मिलिमीटरभर लांब कापून आत आडव्या अडकवा. मग सत्तरच्या आसपासच्या पाण्यात पूर्ण बॉडी बुडवा. इथे मी कधीच ऐंशीपर्यंत जात नाही, कारण छप्पर आणि खांब बाकीच्या बॉडीपेक्षा पातळ असतात आणि सर्वांत आधी तेच लोळतात. खांब तपासायला काचेचा भाग मोजपट्टीसारखा लावून बघावा, पण तो आधार म्हणून आत बसवून दाब देऊ नये. तो वाकत नाही, फुटतो.

बॉनेट बसत नाही तेव्हा आधी बॉनेटवर संशय घेतला जातो. पण त्याच्या भोवतीची चौकट, म्हणजे फेंडर, आत दबलेले असतील तर सरळ बॉनेटही बसणार नाही. दोन्ही एकेकटे सपाटीवर पाहून मगच कोणाला पाण्यात घालायचं ते ठरवावं. बॉनेटला मुळातच दोन दिशांनी गोलाई असते, त्यामुळे त्याला सपाट पट्टीवर बांधणं चूक. ते बॉडीवरच त्याच्या जागी पातळ टेपनं बसवून बॉडीसकट उबवलं तर बॉडीच त्याचा साचा होते.

नुसत्या हातानं, थंडच वाकवून काम होत नाही का? अर्ध्या-एक मिलिमीटरपर्यंत होतं. त्यापुढे रबरमिश्रित पॉलिस्टायरीनवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे हजारो सूक्ष्म चिरा. रंगाखाली ती दिसेनाशी होईल, पण भाग तिथे कमकुवत झालेला असतो. दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे वाकडा भाग तसाच दाबून गोंदानं बांधून टाकायचा. जोड लहान लहान टप्प्यांत, आधी एक टोक पक्कं करून मग दुसरं, असा केला तर थोडा वाकडेपणा खरंच खपून जातो. पण ताणाखाली असलेल्या पॉलिस्टायरीनला द्रावक लागलं की त्यात चिरा पडतात. कधी लगेच, कधी आठवड्यानं, सुंदर रंग चढवून झाल्यावर. म्हणून जिथे जोर लावावा लागतो तिथे आधी पाणी, मग गोंद.

क्रोम केलेले भाग शक्यतो तापवू नयेत. त्यांच्यावर निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि त्याखाली लॅकर. भाग वाकला की तो थर तडकतो. वाकडा बंपर सरळ करायचाच असेल तर आधी ब्लीचमध्ये ठेवून क्रोम उतरवावा, मग सरळ करून पुन्हा क्रोमचा रंग द्यावा. रंगवलेले भागही गरम पाण्यात घालायचे नाहीत, रंगाचे पोपडे निघतात. किटसोबत बाहेरून घेतलेले रेझिनचे भाग मात्र या कामात फार गुणी. ते पॉलियुरेथेनचे असतात, साठ-सत्तर अंशांनाच मऊ पडतात आणि पुष्कळदा मूळ आकार आपसूक धरतात.

वाकण्याचं कारण दर वेळी साचाच असतो असंही नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या खोक्यात, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत तापमान सहज साठच्या घरात जातं. त्यात वर चार जड खोकी असतील तर सरळ आलेली बॉडीही उन्हाळ्याअखेर वाकते. आणखी एक छुपा शत्रू खोक्यातच असतो. मऊ टायर पीव्हीसीचे असतील तर त्यांना मऊ ठेवणारं तेलासारखं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरून त्याला खातं. जुन्या किटच्या छपरावर टायरच्या नक्षीचा खड्डा पडलेला दिसतो तो यामुळे. तो खड्डा पुट्टी भरूनच बुजतो. टायर वेगळ्या पिशवीत ठेवण्यानं हे सगळं टळतं.

एका प्रकारच्या गाड्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. अमेरिकेत १९५० च्या दशकात मोटारविक्रेते नव्या गाड्यांच्या जाहिरातीसाठी छोट्या, तयार मॉडेल गाड्या देत. त्या बनवणाऱ्यांत एएमटी ही मिशिगनमधली कंपनी आघाडीवर होती. तिनं पुढे १९५८ पासून त्याच साच्यांच्या आधारे जोडायची किटही काढली. सुरुवातीच्या या जाहिरातीच्या गाड्या पॉलिस्टायरीनच्या नव्हत्या, सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. जुन्या चित्रपटांच्या बऱ्याच रिळांचं प्लॅस्टिक हेच. रिळं आकसतात, वळतात आणि त्यांना व्हिनेगरचा वास येतो, हे चित्रपट जतन करणाऱ्यांना सगळीकडे भोगावं लागतं. या गाड्याही तशाच बसक्या होत जातात, छप्पर खचतं, बाजू फुगतात. इथे वाकडेपणा ताणातून आलेला नसतो, पदार्थाचा काही भागच उडून गेलेला असतो. गरम पाण्यानं तो परत येत नाही. अशी गाडी कोणाकडे असलीच तर ती थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी आणि वाकडी आहे तशीच जपावी. ओळखायला सोपं: १९६० च्या आधीची गाडी, आणि नाकाजवळ नेली तर कधी कधी आंबूस वास.

बाकी सगळ्यांसाठी एकच विनंती. किट आणलं की त्याच दिवशी चॅसिस, बॉडी आणि बॉनेट ग्रॅनाइटवर ठेवून तपासा. प्रायमरचा पहिला हात बसेपर्यंतच गरम पाण्याचा रस्ता खुला असतो.